लेखाला शीर्षक कसं देता? ('सह्याद्रीच्या कुशीत' सोडून काहीही सुचवा)

भटकभवान्या
नमस्कार मंडळी.
मी ट्रेकवर लिहितो आणि माझ्या ब्लॉगवर टाकतो. लिहायला त्रास नाही, फोटोही बरे येतात. पण शेवटी वरची शीर्षकाची चौकट रिकामी राहते आणि गाडी तिथे अडते. मग रात्री कंटाळून 'सह्याद्रीच्या कुशीत' ठोकतो आणि झोपतो. नाहीतर आहेच आपलं 'एक अविस्मरणीय अनुभव'.

परवा राजमाचीवर मनापासून लिहिलं. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे येणारी वाट, कर्जतकडून कोंढाणे लेण्यांवरून चढणारी वाट, उधेवाडीत जेवणाची सोय, दोन बालेकिल्ल्यांपैकी श्रीवर्धन आधी करावा की मनरंजन, सगळं आलंय त्यात. शीर्षक 'सह्याद्रीच्या कुशीत राजमाची'. वाचलं कुणी? मावशीने. तिनेही नुसता बदाम पाठवलाय, त्यामुळे वाचलं असेलच असं नाही.

त्याच आठवड्यात कुणीतरी 'हा किल्ला पाहाल तर स्वित्झर्लंड विसराल' असं लिहून, आत विकिपीडिया जसाच्या तसा उतरवून, शेकड्यांनी शेअर मिळवले. किल्ला तोच.

तर विचारायचं असं की शीर्षक ठरवताना तुम्ही नेमकं करता काय? आणि वाचकाला खेचणं कुठे संपतं, गंडवणं कुठे सुरू होतं?

चकली_काटेरी
मी पयली!

अवांतरकुमार
'या' सभासदाने काढला 'असा' धागा, तिसरा परिच्छेद वाचून संपादक मंडळालाही फुटला घाम! जाणून घ्या सविस्तर.

चकली_काटेरी
अकु, त्या अवतरणातल्या 'या'चा मला भयंकर राग येतो. "'या' जिल्ह्यात उद्या शाळांना सुट्टी". अरे, जिल्ह्याचं नाव लिहायला किती जागा लागते? आई रोज सकाळी असल्या चार लिंका पाठवते आणि विचारते, "आपला जिल्हा आहे का गं?"

खिळेजुळारी
भवान्या, आमच्या वेळी हा प्रश्न इंचपट्टीने सुटायचा.

दैनिकात उपसंपादक होतो. मथळा आधी मापात बसला पाहिजे, अर्थात बसण्याचं नंतर बघू, असा कारभार. दोन कॉलम, दोन ओळी म्हणजे तेवढंच. 'मुख्यमंत्र्यांच्या' हा एक शब्द आला की निम्मी ओळ गेली. खिळे जुळवणारा कंपोझिटर कागद घेऊन परत यायचा. "साहेब, बसत नाही" एवढंच बोलायचा आणि उभा राहायचा. मग आपण 'मृत्युमुखी' काढून 'ठार' करायचं. तुम्ही पोरं ज्यांची टिंगल करता ते चाप, लगाम, दणका, तिढा, पेच, बडगा हे सगळे शब्द वर्तमानपत्रात टिकले ते आखूड आहेत म्हणून. 'कांद्याने केला वांदा' हा कुणाच्या प्रतिभेचा आविष्कार नव्हता, तो मापात बसायचा.

पण माझ्या वरिष्ठांनी एक सवय लावली होती. बातमीचा कागद उलटा ठेवायचा आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारायचं, "काय झालं माहितीय का?" त्यापुढे तोंडातून जे वाक्य येईल तोच मथळा. तो माणूस मान वर करून "मग?" म्हणाला की बातमी पानावर चढली. तुम्ही राजमाचीहून आलात आणि ऑफिसात शेजारच्याला काय सांगितलंत? 'सह्याद्रीच्या कुशीत' असं नक्कीच म्हणाला नसाल. म्हणाला असलात तर रजा घ्या.

भटकभवान्या
खिळेकाका, शेजारच्याला मी म्हणालो होतो, "परत कधी कर्जतकडून चढणार नाही."

खिळेजुळारी
झालं की मग. धागा बंद करा.

अर्धविराम
बंद कशाला? माझं गाऱ्हाणं राहिलंय. मराठी जालावर 'अमुक : एक तमुक' या साच्याची साथ आली आहे. 'राजमाची : एक चिंतन'. 'पोहे : एक आकलन'. 'गुडघेदुखी : एक प्रवास'. अपूर्णविरामाच्या डावीकडे विषय, उजवीकडे लेखकाला न सुचलेलं शीर्षक.

मी एक कसोटी लावतो. शीर्षक उचलायचं आणि दुसऱ्याच्या लेखावर चिकटवून बघायचं. 'सह्याद्रीच्या कुशीत' हे हरिश्चंद्रगडावर चालतं, माहुलीवर चालतं, भीमाशंकरच्या रिसॉर्टच्या जाहिरातीवर तर फारच चालतं. म्हणजे ते तुमच्या लेखाचं नव्हेच.

सातारी_कंदी
अर्धविरामराव, मग 'केसरी'तल्या 'देशाचे दुर्दैव' या अग्रलेखाचं काय करायचं? तुमच्या कसोटीने साफ नापास. कुठल्याही दिवसाच्या कुठल्याही पेपरवर चिकटतंय. आज सकाळच्यावरही चिकटलं असतं. तरी १९०८ साली त्या आणि त्यानंतरच्या लेखासाठी टिळकांना सहा वर्षं शिक्षा झाली. शीर्षक साधं असलं तरी चालतं, आत काय आहे ते महत्त्वाचं.

अर्धविराम
मुद्दा चांगलाय, पण 'केसरी' घेणारा मथळा बघून घेत नव्हता. त्याला माहीत होतं अंक कुणाचा आहे, लिहिलंय कुणी. दिवाळी अंकाची अनुक्रमणिका चाळताना आपणही आधी लेखकाचं नाव बघतो, मग शीर्षक. भवान्याला ही चैन परवडत नाही. राजमाचीवर लिहिणारे ढीगभर, त्यातला हा कोण ते कुणाला ठाऊक नाही. नाव नसलेल्याच्या शीर्षकाला दुप्पट काम पडतं.

(भवान्या, हलकं घ्या.)

भटकभवान्या
घेतलं. थोडं लागलं.

गूगलगाय
पोटापाण्यासाठी मी हेच काम करते, त्यामुळे जरा कोरडं बोलणार आहे.

'सह्याद्रीच्या कुशीत' असं गूगलमध्ये कुणी टंकत नाही. लोक 'राजमाची कसे जायचे' टंकतात, किंवा मराठीच पण रोमन लिपीत. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते ब्लॉगला जोड. लोकांनी काय शोधलं तेव्हा तुझं पान दिसलं, किती वेळा दिसलं आणि किती जण आत आले, सगळं तिथे कळतं. दिसलंय पुष्कळदा आणि आत कुणीच आलं नाही, असं असेल तर दोष बहुधा शीर्षकाचा. दिसलंच नसेल तर दुखणं वेगळं आहे. ते मावशीच्या बदामावरून ठरवू नकोस.

दुसरं म्हणजे महत्त्वाचा शब्द आधी. निकालांच्या पानावर शीर्षकाला साधारण सहाशे पिक्सेलची जागा मिळते, पुढे तीन टिंबं. आणि तू दिलेलंच शीर्षक गूगल दाखवेल असंही नाही. २०२१च्या ऑगस्टपासून ते पानावरच्या मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यावरूनही स्वतः शीर्षक उचलतं. त्यामुळे वर एक आणि आत वेगळंच असला घोळ घालू नका.

आता खास आपली, देवनागरीवाल्यांची गोम. वर्डप्रेस शीर्षकावरूनच पानाचा पत्ता बनवतं आणि त्या पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा असते. देवनागरीतलं एकेक चिन्ह त्यात नऊ अक्षरं खातं, कारण ते टक्क्याच्या खुणा घातलेल्या सांकेतिक रूपात जातं. एकेक चिन्ह म्हणजे काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडला तर तोही वेगळा. एकटं 'सह्याद्रीच्या' तेरा चिन्हांचं आहे! बावीस चिन्हं झाली की जागा संपली. भवान्या, तुझं वर्डप्रेस असेल आणि पत्ता हाताने बदलला नसशील तर तो 'सह्याद्रीच्या-कुशीत-राजम' इथे तुटला असणार.

भटकभवान्या
आत्ता उघडून बघितलं. 'राजम'वरच तुटलाय!! हे मला इतके दिवस कुणीच कसं सांगितलं नाही?

अवांतरकुमार
अजून एक काना बसला असता तर 'राजमा' झाला असता. उत्तर भारतातून वाचक आले असते, वर भात घेऊन.

चकली_काटेरी
अकु =))

मुक्काम_डब्लिन
ब्लॉगस्पॉटवर याहून वाईट आहे. तिथे देवनागरी शीर्षक सरळ गाळून टाकतात आणि पत्ता होतो 'ब्लॉग-पोस्ट', पुढचा 'ब्लॉग-पोस्ट' आणि आकडा. जुन्या लोकांची युक्ती अशी होती की आधी रोमन लिपीत शीर्षक देऊन लेख प्रसिद्ध करायचा, पत्ता एकदा ठरला की शीर्षक मराठी करायचं. पत्ता बदलत नाही. आता पर्मालिंकचा, म्हणजे पत्त्याचा, वेगळा कप्पा आहे, पण बोटांना जुनी सवय लागलीय.

सातारी_कंदी
वाचनखूण साठवली. गूगलगायताई, यावर वेगळा धागा काढा.

शुद्धलेखनवाला
'पिक्सेल' की 'पिक्सल'?

अवांतरकुमार
आले. पॉपकॉर्न आणा.

अर्धविराम
भवान्याच्या गंडवण्याच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही. प्रश्नार्थक शीर्षकांपासून सुरू करू. इयन बेटरिज नावाच्या ब्रिटिश पत्रकाराने २००९मध्ये लिहिलं होतं की प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या कुठल्याही मथळ्याचं उत्तर 'नाही' असं देता येतं. 'हळदीने मधुमेह बरा होतो का?' नाही. 'पुण्याला समुद्र येणार का?' नाही. लिहिणाऱ्याला खात्री असती तर त्याने प्रश्नचिन्ह लावलंच नसतं.

सातारी_कंदी
पुन्हा 'केसरी', सॉरी. १८९७, रँडच्या खुनानंतर पुण्यात धरपकड चालू. मथळा : 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?'

अर्धविराम
उत्तर 'नाही'च आहे की! बेटरिज जन्मायच्या कितीतरी आधी त्याचा नियम पुण्यात सिद्ध झाला होता.

पण फरक बघा. तिथे उत्तर मथळ्यातच आहे, ते लपवून आपल्याला चार जाहिरातींवरून फरफटत नेलेलं नाही. टिळकांनी 'सरकारच्या 'या' अवयवाचे काय झाले?' असं लिहिलं नाही.

कथेकरी
सगळे माहितीपर लेखांबद्दल बोलताय म्हणून उलट बाजू मांडतो. कथेला गूगलगायताईंचा एकही नियम लावू नका. 'नायिका शेवटी निघून जाते : वाचा कशी' असं लिहू का? कथेचं शीर्षक वाचण्याआधी अर्धं कळावं आणि वाचून झाल्यावर पूर्ण. तुमची चिकटवाचिकटवीची कसोटी मात्र मला मान्य आहे. इथल्या कथा विभागात 'ती', 'तो', 'पाऊस', 'शोध' आणि पुन्हा 'ती' अशी रांग लागलेली असते. कुठली 'ती' कुणाची ते सांगता येत नाही.

चकली_काटेरी
आणि 'भाग १'! भाग २ न येणाऱ्या कथांचं एक स्मारक बांधा कुठेतरी.

कथेकरी
माझा भाग २ लिहून तयार आहे. विषय बदला.

सुगरण_नव्हे_मी
उशिरा आले, पण हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पाककृती लिहिते. पूर्वी शीर्षक फक्त 'अनारसे' एवढंच असायचं. बरोबरच होतं ते, पण अनारशांच्या पाककृती जालावर काय कमी आहेत? सगळ्यांत तेच लिहिलेलं. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, उपसून कपड्यावर सावलीत पसरा, दमट असतानाच दळा, गूळ घालून गोळे मुरवा, खसखशीवर थापा. मग एका दिवाळीत लक्षात आलं की मला फोन करणाऱ्या बायका कृती विचारतच नाहीत. त्या कढईसमोर उभ्या असतात, झारा हातात, आणि ओरडतात, "अगं, हसला!" अनारसा तुपात हसला की त्याचा नुसता चुरा तरंगतो. गूळ जास्त झालेला असतो, नाहीतर पीठ फार ओलं राहिलेलं असतं, नाहीतर तूप पुरेसं तापलेलं नसतं.

मग शीर्षक केलं 'अनारसे हसले? पीठ टाकू नका', आणि लेखाची सुरुवात तिथून, की आता या पिठात थोडं कोरडं पीठ मिसळा, एक छोटा अनारसा तळून बघा. भिजवणं, दळणं सगळं खाली ढकललं. दर दिवाळीला तो लेख आपोआप वर येतो. वाचक कुठे अडलाय ते शीर्षकात आलं पाहिजे, माझं नाव नाही आणि पदार्थाचं कौतुक तर नाहीच.

'ना सोडा ना मैदा, फक्त दोन मिनिटांत' हे प्रकार मला जमत नाहीत. दोन मिनिटांत तूपसुद्धा तापत नाही.

गूगलगाय
सुगरणताई, लाख बोललात. फक्त 'फुटले', 'विरघळले' हे शब्द पहिल्या परिच्छेदात घाला. नव्या मुलींना अनारसा हसतो हे माहीत नसतं, त्या 'अनारसे का फुटतात' असं शोधतात.

सुगरण_नव्हे_मी
घालते. पण शीर्षकात हसणारच.

मुक्काम_डब्लिन
भवान्याच्या स्वित्झर्लंडवाल्याबद्दल थोडं. तो साचा अमेरिकेतून आलाय. २०१२मध्ये 'अपवर्दी' नावाचं संकेतस्थळ निघालं. त्यांचा दंडक असा होता की प्रत्येक पोस्टसाठी पंचवीस शीर्षकं लिहायची. मग त्यांतली निवडक वेगवेगळ्या वाचकांना दाखवायची आणि ज्यावर जास्त टिचक्या (क्लिक) पडतील ते ठेवायचं. 'पुढे जे घडलं त्यावर विश्वास बसणार नाही' हे वळण जगभर पसरवण्यात त्यांचा मोठा वाटा. नंतर फेसबुकने असल्या पोस्टी खाली दाबायला सुरुवात केली आणि त्यांची हवा गेली.

त्यांच्या चाचण्यांची विदा (डेटा) पुढे संशोधकांना मिळाली. २०२३मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेविअर'मध्ये त्यावर निबंध आला. लाखाहून जास्त शीर्षकं तपासली होती. सरासरी लांबीच्या शीर्षकात एक नकारात्मक शब्द वाढला की टिचक्यांचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं, आणि आनंदी शब्द वाढवला तर घटतं. म्हणजे 'सुंदर राजमाची'पेक्षा 'राजमाचीला ही चूक केलीत तर फसाल' जास्त चालणार.

सातारी_कंदी
म्हणजे आमची आजी बरोबर होती. चांगली बातमी सांगायला कुणी उठून येत नाही.

गूगलगाय
थांबा, तो २.३ टक्क्यांचा आकडा मूळ प्रमाणाच्या तुलनेत आहे. शंभरातले दोघं आत येत असतील तर दोनाचे सव्वाचार होत नाहीत, दोनाचे दोन पूर्णांक किंचित होतात. लाखोंनी वाचक असलेल्याला तो फरक मोलाचा. भवान्याला मावशीशिवाय अजून अर्धीही मावशी मिळणार नाही. पंचवीस शीर्षकं लिहायची सवय मात्र घ्या. पहिली पाच-सात सगळ्यांनाच सुचतात, कुशीबिशी त्यातच संपून जाते.

रानडुक्कर
इतका वेळ नुसता वाचत होतो, आता राहवत नाही.

वाचक खेचायचे कशाला, हे कुणी विचारलंच नाही. 'मुंबईपासून दोन तासांवर लपलेला स्वर्ग' असं शीर्षक चाललं की पुढच्या शनिवारी तो स्वर्ग लपलेला राहत नाही. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी काय रांग असते ते बघा. वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात, खोबणीत धरायला जागा उरत नाही. राजमाचीचंही तेच. मेअखेर ते जून काजव्यांचा मोसम. कुणीतरी 'काजव्यांचा महोत्सव, एकदा तरी पाहाच' असं लिहितो, मग गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे फ्लॅश आणि स्पीकर. काजवे उजेडानेच बोलतात एकमेकांशी, नर चमकतो, मादी उत्तर देते. त्यात तुम्ही टॉर्च मारला तर उत्तर द्यायचं कुणाला?

भवान्या, तू लिहितोस चांगलं. शीर्षकात काजवे आणू नकोस, एवढंच सांगणं.

भटकभवान्या
रानडुक्कर, खरं सांगतो, 'राजमाचीचे काजवे' माझ्या यादीत पहिलं होतं. गूगलगायताईंच्या हिशेबाने तेच सगळ्यात जास्त चाललंही असतं. खोडलं.

गूगलगाय
चाललं असतं. पण खोडलंस ते बरं केलंस. (हे माझ्या साहेबांना सांगू नका.)

अवांतरकुमार
धाग्याचं काश्मीर होणार, भांडण पेटणार अशी आशा होती, तुम्ही सगळे एकमेकांशी सहमत व्हायला लागलात. निराशा झाली.

भटकभवान्या
बरं, उरलेली ही. मत द्या.
राजमाची : लोणावळ्याहून चालत की कर्जतहून चढून?
राजमाचीला कर्जतकडून पुन्हा जाणार नाही
राजमाचीच्या दोन वाटा

गूगलगाय
पहिलं. गडाचं नाव आधी, दोन्ही स्टेशनं आली, माणूस जे शोधतो ते सगळं आहे. पत्ता हाताने रोमनमध्ये लिही, आखूड.

अर्धविराम
पहिलंच. अपूर्णविराम खटकला, पण उजवीकडे 'एक चिंतन' नाही, म्हणून माफ. शिवाय या प्रश्नाला बेटरिजचं 'नाही' देताच येत नाही.

खिळेजुळारी
दुसरं. शेजारच्याला सांगितलेलं वाक्य तेच. ऐकणारा "का?" विचारल्याशिवाय राहणार नाही. पहिलं दोन कॉलमात बसत नाही.

कथेकरी
तिसरं. शांत आहे.

सातारी_कंदी
तिसऱ्यावर कुणीही टिचकी मारणार नाही. दुसरं घ्या.

शुद्धलेखनवाला
'कर्जतकडून' चालेल. 'टिचकी मारणे' याबद्दल मला वेगळं लिहायचं आहे.

चकली_काटेरी
भवान्या, कर्जतकडून पावसात जमेल का रे? सोबत सासूबाई आहेत, पासष्टीच्या, पण रोज पर्वती चढतात.

भटकभवान्या
कोंढाणे लेण्यांपर्यंत ठीक आहे. पुढचा चढ दमवणारा आहे आणि पावसात निसरडा. त्यांना लोणावळ्याकडून न्या. पंधरा-सोळा किलोमीटर पडतं, पण चढ फारसा नाही. रात्री उधेवाडीत राहा, आधी फोन करून जा. बाकी सगळं लेखात लिहिलंय.

चकली_काटेरी
कुठल्या लेखात?

अवांतरकुमार
अख्ख्या धाग्यात लेखाची लिंक नाहीये, कुणाच्या लक्षात आलं का? शीर्षकावर एवढा खल, आणि लेख अजून फक्त मावशीकडेच.

चकली_काटेरी
लिंक टाक लवकर. सासूबाईंना दोन्ही वाटा वाचून दाखवल्या, त्या म्हणतात चढूनच जाऊ.